पॅसेजमधली 'टुक' मला 21,000 रुपयांना पडली

31 वर्षं बँकेत काढली. नकली नोट नुसत्या बोटांनी ओळखायचो. हे आधीच सांगतोय, कारण पुढचं वाचून 'एवढंही कळलं नाही?' असं म्हणणारच तुम्ही. म्हणा. घरातलेही म्हणतात.

जानेवारीत पॅसेजमधला स्मोक डिटेक्टर पहाटे तीनला वाजायला लागला. मिनिटामिनिटाला एकच 'टुक'. दिवसा गप्प. बॅटरी उतरल्याचं लक्षण हे, बाकी काही नाही. पहाटेच्या गारठ्यात उतरलेल्या बॅटरीचा जोर आणखी कमी होतो, म्हणून नेमकं साखरझोपेत सुरू होतं. आज हे मला पाठ आहे. तेव्हा मी काय केलं, तर सोसायटीच्या ग्रुपवर फ्लॅट नंबरासकट टाकलं: कुणी ओळखीचा माणूस आहे का?

तिसऱ्या दिवशी माणूस दारात. केशरी जॅकेट, गळ्यात आयकार्ड, हातात पॅड. "फायर ऑडिटकडून आलोय काका. जानेवारीचा फॉर्म बी बाकी आहे तुमचा."

फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, खरोखर असतो, तिथेच गोची झाली. 2006 च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत तो द्यावा लागतो. पण तो द्यायचा सोसायटीने, लायसन्सवाल्या एजन्सीकडून घेऊन, अख्ख्या बिल्डिंगच्या यंत्रणेचा. एकेका फ्लॅटचा फॉर्म बी कुठून आला? मी दोन वर्षं सोसायटीचा खजिनदार होतो. त्या एजन्सीच्या चेकवर माझ्या सह्या आहेत. तरी तोंडातून प्रश्न फुटला नाही.

आता तो स्टूल. आमचाच, स्वयंपाकघरातला. त्यावर तो माझ्याकडे पाठ करून चढला, डिटेक्टर फिरवून काढला, काहीतरी खिशात टाकलं आणि खाली उतरून माझ्या नाकासमोर टेस्टचं बटण दाबलं. आवाज नाही. "मेलाय काका." चारही ठिकाणी हेच. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी त्याच्या खिशात होती हो! खिसा लोंबत होता, मला दिसत होता. तंबाखूची डबी असेल म्हटलं. चौथ्या ठिकाणी तर खिशातून खडखड ऐकू आली. रात्री डोळा लागत नाही तेव्हा मला ती खडखड ऐकू येते.

मग पाठीमागची तारीख दाखवली: 2013. "दहा वर्षांनी आतला सेन्सर बाद होतो." आणि हे खरं होतं! अख्ख्या तासाभरात तो एवढं एकच खरं बोलला आणि त्यावरच मी भुललो.

चार 'नवे' डिटेक्टर, 3,850 प्रमाणे 15,400. सर्टिफिकेट 2,500. वर 18 टक्के जीएसटी 3,222. एकूण 21,122, "वरचे 122 सोडा काका." जीएसटीचा आकडा मी कॅल्क्युलेटरवर तपासला. बरोबर होता. बिलावर जीएसटी नंबरच नाही, हे मात्र दिसलं नाही. यूपीआयवर कुठल्या तरी बाईंचं नाव आलं, "मिसेसचं खातं आहे" म्हणाला. जुने डिटेक्टर, "ई-वेस्ट आहे, घरात ठेवू नका," म्हणून पिशवीत घालून घेऊन गेला.

फेब्रुवारीत हिचं दूध करपलं. पॅसेज धुराने भरला, डोळ्यांतून पाणी, आणि चारही डिटेक्टर ढिम्म. काढून बघितले. 2024 चं स्टिकर नखाने खरवडलं, खाली 2011. एकाच्या कडेला गुलाबी डिस्टेंपरचे शिंतोडे. आमच्या घरात गुलाबी भिंत नाही. बटण दाबलं की मात्र मस्त वाजायचे! बटणाने बहुतेक वेळा सर्किट आणि भोंगा चालू आहे एवढंच कळतं. धूर आत शिरतो का, ते नाही. आतल्या जाळीवर धुळीचा थर होता.

चौकीत गेलो. हवालदार म्हणाले, "काका, दार तुम्ही उघडलं, पैसे तुम्ही दिले, वस्तूही मिळाली. फसवणूक कुठाय?" फसवणुकीचं कलम 420 चं आता 318 झालंय, बाकी सगळं तसंच. सायबर हेल्पलाइनवर 40 मिनिटं गाणं ऐकलं. माणूस समोर आला होता म्हणजे हे ऑनलाइनमध्ये बसत नाही म्हणे. अग्निशमन केंद्रात सांगितलं, आम्ही कुणाला घरी पाठवत नाही, आमचं नाव वापरलं असेल तर अर्ज द्या, तीन प्रती. दिल्या. पोच मागितली तर साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा गेलो, साहेब रजेवर. चौथ्या खेपेला कळलं की अर्ज दुसऱ्याच टेबलावर द्यायचा होता. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. हे वाक्य तर मी स्वतः काउंटरमागून किती जणांना ऐकवलंय.

अरे, बॅटरी आधी स्वतः बदलून बघा! घरी आलेल्याचं लायसन्स विचारा, एजन्सींची यादी राज्य अग्निशमन सेवेच्या साइटवर असते. नवा घ्याल तर पाठीवरची छापील तारीख वाचा, चिकटवलेली नव्हे. मला चांगला अकराशेला मिळाला. आणि बसवल्यावर खाली उदबत्ती धरा, तो ओरडेपर्यंत.

माझ्या जुन्या चारांपैकी एकाच्या बॅटरीच्या झाकणाआड नातीने चिकटवलेली निळी चांदणी आहे. तुमच्याकडे कुणी 'नवा' डिटेक्टर बसवून गेला असेल, तर झाकण उघडून बघा. चांदणी निघाली तर तो माझा आहे.