एकच फोटो, तीन लायब्ररी, तीन आकडे : नोड्यूल मोजायला लेबलिंग कोणाचं घ्यावं?

भोसरी-चाकण पट्ट्यात एसजी आयर्नचं (गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या बिडाचं) कास्टिंग जिथे तपासलं जातं, तिथल्या लॅबमध्ये नोड्यूल काउंट (ग्रॅफाइटच्या गोळ्यांची संख्या) हल्ली पायथनच्या स्क्रिप्टवर काढला जातो. फोटो काळा-पांढरा करायचा, जोडलेले ठिपके लेबल करायचे (प्रत्येक तुकड्याला एक नंबर द्यायचा), आकडा रिपोर्टमध्ये. मग ग्राहकाच्या लॅबचा आकडा वेगळा येतो आणि दोन्हीकडचे लोक मायक्रोस्कोपकडे संशयाने बघायला लागतात. मायक्रोस्कोप बहुतेक वेळा निर्दोष असतो. सायपाय, सायकिट-इमेज आणि ओपनसीव्ही या पायथनमध्ये वापरायच्या तिन्ही लायब्ररी (तयार कोडचे संच) चांगल्या आहेत, फुकट आहेत, पण प्रत्येकीची गृहीतकं वेगळी आहेत आणि ती कुणी आपणहून सांगत नाही.

पाच बाय पाचची, सगळी शून्याची इमेज घ्या आणि मधल्या कर्णावर ओळीने तीन पिक्सेल १ करा. सायपायचं लेबल फंक्शन उत्तर देतं ३. सायकिट-इमेज म्हणते १. ओपनसीव्हीकडून येतात २. तिघांचंही गणित बरोबर आहे. सायपाय डिफॉल्टने फक्त वर-खाली-डावे-उजवे असे चार शेजारी धरतं, त्यामुळे कोपऱ्याला कोपरा लागलेले पिक्सेल त्याच्या लेखी सुटे. बाकीच्या दोघी आठ शेजारी धरतात. ओपनसीव्हीचा जास्तीचा एक म्हणजे बॅकग्राउंड. परत आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा असतो. प्रत्येक तुकड्याची आकडेवारी देणारं स्टॅट्सवालं फंक्शन वापरत असाल तर शून्याची ओळही टाकून द्या, नाहीतर तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात मोठा नोड्यूल म्हणजे लोखंडाचा अख्खा मॅट्रिक्स (ग्रॅफाइटभोवतीचा धातू) असतो आणि सरासरी क्षेत्रफळाची वाट लागते.

म्हणून कनेक्टिव्हिटी (किती शेजारी धरायचे ते) नेहमी स्वतः लिहून द्या. ओपनसीव्हीला ४ किंवा ८ असं थेट सांगता येतं. सायकिट-इमेजला १ म्हणजे चार शेजारी, २ म्हणजे आठ. तिथे सवयीने ८ लिहिलंत तर एरर येते. सायपायला आठ शेजारी हवे असतील तर स्ट्रक्चर म्हणून तीन बाय तीनचा सगळा एकाचा अ‍ॅरे द्यावा लागतो. सर्वात कंटाळवाणी पद्धत हीच, आणि म्हणूनच ती बहुतेक जण गाळतात.

पण खरी डोकेदुखी पुढे आहे. 'बायनरी' (फक्त दोनच किमतींची) म्हणून दिलेली इमेज बायनरी नसतेच. थ्रेशोल्ड करून (ठराविक किमतीच्या वरचं पांढरं, खालचं काळं) जेपेगमध्ये सेव्ह केलेला मास्क, म्हणजे ती काळी-पांढरी इमेज, पुन्हा उघडा आणि त्यातल्या वेगवेगळ्या किमती छापून बघा. ० आणि २५५ सोबत १, २, ३, २५२, २५४ अशी पिलावळ सापडेल. सायपाय आणि ओपनसीव्ही शून्य नसलेलं सगळं वस्तू समजतात, म्हणून नोड्यूलभोवती धूळ उगवते आणि शेजारचे नोड्यूल चिकटतात. सायकिट-इमेजची तऱ्हा न्यारी : ती समान किमतीचेच पिक्सेल जोडते. २५५ आणि २५४ शेजारी असले तरी दोन वेगळे तुकडे. पन्नास नोड्यूलच्या फोटोत हजारभर लेबलं आली तर दुसरं काही शोधू नका, आधी हे बघा. इलाज एका ओळीचा : लेबल करण्याआधी 'मास्क १२७ पेक्षा मोठा' अशी तुलना करून बूलियन (खरं/खोटं) करा, ओपनसीव्हीला देताना ते पुन्हा आठ-बिट करा आणि सेव्ह करायचं तर पीएनजीत. फोटो लहान-मोठा करताना मास्कवर लिनिअर इंटरपोलेशन (शेजारच्या किमतींची सरासरी) वापरलं तरी कडेला करड्या किमती येतात. तिथे निअरेस्टच (सगळ्यात जवळच्या पिक्सेलची किंमत जशीच्या तशी) हवं.

ग्रॅफाइट काळं आणि मॅट्रिक्स उजळ, त्यामुळे मास्क उलटवणं (काळ्याचं पांढरं करणं) आलंच. न उलटवता लेबल केलं तर पार्श्वभूमीच वस्तू ठरते आणि उत्तर येतं १ किंवा जवळपास तेवढंच. उलटवतानाही फसगत होते. शून्य-एकच्या आठ-बिट अ‍ॅरेवर टिल्डचं चिन्ह (~) लावलं की ० चे २५५ होतात आणि १ चे २५४. शून्य उरलंच नाही, सगळी इमेज वस्तू. टिल्ड फक्त बूलियनवर चालवा, किंवा ओपनसीव्हीच्या थ्रेशोल्डमध्येच इन्व्हर्स प्रकार निवडा. फोटोही पॉलिश केलेल्या, एच न केलेल्या (आम्ल न लावलेल्या) नमुन्याचाच घ्या. नायटल (एचिंगचं द्रावण) लावल्यावर मॅट्रिक्समधलं पर्लाइटही काळं दिसतं आणि नोड्यूलला चिकटून एकच मोठा डाग होतो. तो सोडवणं कुठल्याच लायब्ररीच्या हातात नाही.

रंगीत फोटो थेट दिला तर ओपनसीव्ही एरर देऊन थांबते, आणि तेच चांगलं. बाकीच्या दोघी तीन चॅनेलला तिसरी मिती समजून निमूटपणे त्रिमितीय लेबलिंग करतात. आकडा कधीकधी बरोबर दिसतो, पण क्षेत्रफळ तिप्पट निघतं.

बारीक ठिपके गाळताना पिक्सेलचा आकडा अंदाजाने टाकू नका. एका पिक्सेलला अर्धा मायक्रॉन असेल तर १० मायक्रॉन व्यासाचा गोल साधारण ३१४ पिक्सेलचा होतो. किती मायक्रॉनखालचं सोडायचं ते ग्राहकाशी ठरलेल्या मानकातून घ्या आणि हिशोब असा उलटा करा. एकमेकांना टेकलेले नोड्यूल मात्र लेबलिंगने सुटणार नाहीत, त्याला डिस्टन्स ट्रान्सफॉर्म (कडेपासूनचं अंतर मोजणं) आणि वॉटरशेड (त्यावरून चिकटलेले तुकडे वेगळे करणं) हेच लागतं.

मॅटलॅब या विकतच्या सॉफ्टवेअरचं बीडब्ल्यूलेबल हे लेबलिंगचं फंक्शन डिफॉल्टने आठ शेजारी धरतं आणि वागायला सरळ आहे, पण इमेज प्रोसेसिंग टूलबॉक्सचे पैसे वेगळे. ते स्तंभांच्या क्रमाने नंबर देतं, सायपाय ओळींच्या. दोन लॅबचा 'नोड्यूल क्रमांक ७' एकच असेल असं धरू नका, मध्यबिंदू जुळवा. तेही जपून, कारण ओपनसीव्ही आधी आडवा निर्देशांक देते आणि सायकिट-इमेज आधी उभा.

रोजच्या मोजणीला आमची पसंती ओपनसीव्हीच्या स्टॅट्सवाल्या फंक्शनला : संख्या, चौकट, क्षेत्रफळ, मध्यबिंदू एकाच हाकेत मिळतात आणि रंगीत फोटोसारखा चुकीचा इनपुट दिला तर ती बोलून दाखवते. गोलाई काढायची तर परिमिती लागते, ती सायकिट-इमेजच्या रीजनप्रॉप्स या मोजमापाच्या फंक्शनमधून घ्या. लेबल-इमेज सेव्ह करताना १६ बिटच ठेवा. आठ बिटांत २५६ क्रमांकाचा नोड्यूल शून्य होतो आणि बॅकग्राउंडमध्ये गायब.