बाईकच्या बॅटरीचा छोटा स्मार्ट चार्जर: कुणी घ्यावा, कुणी नाही

बाईक रोज चालत नसेल तर महागडी बॅटरी घेण्यापेक्षा साधी सील्ड (पाणी घालावं न लागणारी) बॅटरी आणि सोबत एक छोटा स्मार्ट चार्जर, ही जोडी मला जास्त फायद्याची वाटते. बरेच महिने वापरतेय, एक अँपिअरचा चार्जर आहे, एवढासा डबा, एका बाजूला प्लग आणि दुसऱ्या बाजूला लाल-काळ्या क्लिपा. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, या साईजच्या चार्जरचं काम साधारण सारखंच असतं, त्यामुळे काय बघून घ्यायचं आणि हा कुठे गंडवतो तेवढंच लिहिते.

आधी गरजच का पडते ते. सेल्फ मारला की नुसती टिकटिक होते, मग आपण म्हणतो बॅटरी जुनी झाली, पण बऱ्याच बॅटऱ्या वयानं जात नाहीत, अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्यामुळे जातात. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, लगेच चार्ज केली तर ते परत विरघळून जातं, पण आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली की त्याचे स्फटिक मोठे आणि कडक होतात आणि मग कितीही चार्जिंगला लावा ते हलत नाही. यालाच सल्फेशन म्हणतात. आणि बंद गाडी काही खात नाही असं कोण म्हणतं, घड्याळ आहे, ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर आहे, वर कुणी अलार्म नाहीतर ट्रॅकर बसवलेला असतो. समजा सगळं मिळून १० मिलिअँपिअर जातायत, म्हणजे दिवसाला ०.२४ एएच (अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठ्याचं माप), ८ एएचची बॅटरी साधारण सतरा दिवसांत निम्मी, आणि यात बॅटरी स्वतःची स्वतः उतरते ते धरलेलंच नाही, ते तर उन्हाळ्यात अजून वाढतं.

यावर लोकांचा ठरलेला उपाय म्हणजे अधूनमधून जागेवरच दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवायची. नका करू. हेडलाईट लागलेला, इंजिन आयडलवर, अशा वेळी छोट्या गाड्यांत बॅटरीकडे जेमतेम काहीतरी जातं, सेल्फ मारायला जेवढं गेलं तेवढं भरून निघालं तरी नशीब, आणि इंजिन नीट तापत नाही त्यामुळे सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. चालवायची असेल तर बाहेर काढून अर्धा तास नीट फिरवा, नाहीतर चार्जर लावा.

चार्जर करतो काय तर सुरुवातीला पूर्ण एक अँपिअरनं भरतो, साधारण १४.४ व्होल्टला पोचला की व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी कमी करत आणतो, आणि शेवटी साडेतेराच्या आसपास उतरून नुसतं राखण करत बसतो. म्हणून हा लावून विसरता येतो. साधा जुन्या पद्धतीचा चार्जर असा विसरला तर बॅटरीचा काढा होतो, त्यातून सील्ड बॅटरी असेल तर व्हॉल्व्हमधून गेलेलं पाणी परत घालायची सोय नसते. कारसाठी असलेला पाच-सहा अँपिअरचा चार्जरही बाईकला लावू नका. नियम सोपा आहे, एएचच्या साधारण एक दशांश करंट, म्हणजे ८ एएचला ०.८, त्यामुळे एक अँपिअरचा घेतला की बहुतेक बाईकचं भागतं.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सोबत आलेली रिंगवाली वायर. ही कायमची टर्मिनलच्या स्क्रूखाली बसवायची, फ्यूज प्लसच्या बाजूला बॅटरीजवळच ठेवायचा आणि कनेक्टरचं टोक साईड पॅनलच्या खालून जरासं बाहेर काढायचं, इतकंच की हाताला लागेल पण चाकाकडे लोंबणार नाही. मग दर वेळी सीट काढा, स्क्रू शोधा, क्लिप निसटून फ्रेमला लागली की ठिणगी, हा सगळा तमाशा संपतो. टोकाला रबरी टोपी असते ती लावूनच ठेवा, चिखल जातो. आणि फ्यूज नसलेली वायर असेल तर ती बसवूच नका, कारण ती चोवीस तास थेट बॅटरीला जोडलेली राहणार आहे.

आता तक्रारी. पहिली म्हणजे पार मेलेली बॅटरी याला दिसतच नाही. व्होल्टेज अगदीच खाली गेलं असेल तर याला वाटतं की काही जोडलेलंच नाही, लाईट लुकलुकत बसते आणि आपण चार्जरला शिव्या घालतो. ते सेफ्टीसाठी असतं हे मान्य, पण पुस्तिकेत हे एका ओळीत लिहायला काय जात होतं? तसंही इतकी उतरून पडून राहिलेली बॅटरी उठली तरी फार दिवस साथ देत नाही.

दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची, ती हिरव्या लाईटची. हिरवी लागली म्हणजे बॅटरी चांगली असं अजिबात नाही. व्होल्टेज हवं तिथे पोचलं आणि करंट पडला एवढंच ती सांगते, बॅटरीत साठा किती आहे हे तिला कळत नाही. उलट पार उतरलेली बॅटरी लावली आणि तासाभरात हिरवी झाली तर संशय घ्यायचा, गाळानं भरलेला हंडा दोन तांब्यांत काठोकाठ होतो तसंच हे. खरं काय ते बघायला मल्टिमीटर लागतोच. माझी पद्धत अशी, चार्जर काढायचा, दोनेक तास काही करायचं नाही कारण लगेच मोजलं तर तेराच्या वर दाखवून खूश करतो, मग प्रोब लावायचे. १२.७-१२.८ आलं तर छान, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, बाराच्या खाली म्हणजे जवळजवळ संपली. मग प्रोब तसेच धरून सेल्फ मारायचा आणि आकडा किती खाली जातो ते बघायचं. धडधाकट बॅटरी दहाच्या वर राहते, साडेनऊच्या खाली गेली की निवृत्तीची वेळ आली. माझ्या आधीच्या बॅटरीनं हिरवी लाईट लावली होती, विश्रांतीनंतर १२.५ पण दाखवले, आणि सेल्फ दाबल्यावर थेट आठच्या घरात. नुसत्या लाईटवर भरवसा ठेवून लांबच्या रस्त्याला निघाले असते तर ढकलत आले असते. ढकलूनही उपयोग नाही म्हणा, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला पंप आणि ईसीयूला करंट हवा, बॅटरी पूर्ण गेली तर धक्का मारूनही बहुतेक वेळा चालू होत नाही.

रिपेअर मोड नावाचं एक बटण आहे, त्याचं फार कौतुक करू नका. ताज्या सल्फेशनला थोडाफार फरक पडला तर पडतो, वर्षभर पडलेल्या बॅटरीला नाही. आणि तो मोड वापरायचा तर बॅटरी गाडीतून काढून, व्होल्टेज वर जातं आणि ईसीयूवर प्रयोग कशाला.

ती जुनी बॅटरी बदलताना जे बघितलं ते पण सांगते कारण दुकानात घाई असते. बॅटरीवरचा कोड नीट वाचा. वायटीएक्स ९ मधला ९ म्हणजे ९ एएच नव्हे, ती ८ एएचची असते आणि वायटीएक्स ७एल ही ६ची. ते एल पण महत्त्वाचं, टर्मिनल आपल्याकडे करून ठेवली तर प्लस उजव्या हाताला. उलटी घेतलीत तर वायरी पोचत नाहीत आणि ओढून पोचवल्यात तर अजून वाईट. कोडच्या शेवटी बीएस असेल तर ॲसिड वेगळं येतं, ते भरल्यावर किमान अर्धा तास मुरू द्यायचं आणि मग पहिलं चार्जिंग पूर्ण करायचं. दुकानदार भरून पाच मिनिटांत गाडीत ठोकून देत असेल तर थांबवा, बॅटरीचं आयुष्य तिथेच कमी होतं. आधीच भरलेली घेत असाल तर काउंटरवरच व्होल्टेज मोजायला सांगा आणि तारीख बघा, शेल्फवर पडून पण सल्फेशन होतंच.

पाणी घालायची बॅटरी वाईट नसते, पण दोन रेघांमधली पातळी बघत राहावं लागतं, फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही आणि वरून ॲसिड तर कधीच नाही. ज्याला हे जमतं त्यानं खुशाल घ्यावी, मला जमत नाही म्हणून सील्ड. लिथियमचा मोह मलाही झाला होता, वजन तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतं, उतरतेही हळू. पण पॅकवर जो एएच ठळक छापतात तो पुष्कळदा लेडच्या, म्हणजे साध्या शिशाच्या बॅटरीच्या तुलनेतला असतो, खरा एएच बराच कमी निघतो, त्यामुळे ट्रॅकरवाल्या गाडीत ती लवकर तळाला जाते, आणि एकदा तळाला गेली की लेडपेक्षा कमी माफ करते. शिवाय तिला तिचाच चार्जर हवा, माझ्यासारख्या चार्जरमध्ये लिथियम मोड नसेल तर लावू नका.

बॅटरी काढताना आधी मायनस, बसवताना आधी प्लस. प्लसवर पाना असताना तो फ्रेमला टेकला आणि मायनस जोडलेला असेल तर पान्याचं वेल्डिंग होतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर बॅटरी बाहेर काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिनचा हात. सेल्फ न लागण्याच्या कितीतरी तक्रारी एवढ्यावरच मिटतात, ना चार्जर लागत ना नवी बॅटरी.

आणि नवी बॅटरी पण सारखी उतरत असेल तर चार्जरला दोष देऊ नका, गाडीचं चार्जिंग तपासा. इंजिन चालू, रेस थोडी वाढवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ यायला हवेत. १५च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, बॅटरी शिजतेय. १३च्या खालीच राहत असेल तर स्टेटर (इंजिनातली वीज बनवणारी कॉइल), नाहीतर जळालेला कपलर म्हणजे वायरींचा जोड, मेकॅनिकला तिकडेच बघायला सांगा.

तर माझ्याकडून पाचातले चार. एक गुण हिरव्या लाईटचा कापला, आणि वायर आखूड आहे त्याचा पण कापणार होते पण एक्स्टेन्शन वायर मिळाली. रोज तासभर गाडी पळवणाऱ्यांना याची गरज नाही, त्यांनी त्या पैशात बरा मल्टिमीटर घ्यावा. ज्यांची गाडी फक्त सुट्टीला बाहेर निघते किंवा पावसाळाभर झाकून असते त्यांनी घ्या, फक्त एक अँपिअरचा, फ्यूजवाली रिंग वायर सोबत असलेला, आणि उलटं जोडलं तरी न जळणारा बघून घ्या.