घाट उतरल्यावरचा धूर: वॉरंटीतल्या इंजिनकामाचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू दोन शोरूमचा आहे. कंपनी तीच, गाडी तीच, तक्रारही तीच. एका शोरूमने झुलवत ठेवलं, दुसऱ्याने काम करून दिलं. नावं लिहीत नाही. पहिल्याला एक स्टार, दुसऱ्याला चार. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

मी पशुवैद्य, पाटण तालुक्यात खासगी प्रॅक्टिस करतो. माझी बाईक हौसेची नाही, पोटापाण्याची आहे. मागे कॅरिअरला औषधांची पेटी, आणि फिरणं सडावाघापूरच्या पठारावर, मोरगिरी खोऱ्यात, ढेबेवाडीकडच्या वाड्यांवर. म्हैस अडली की घड्याळ बघता येत नाही. इकडच्या रस्त्यांवर दर फेरीला एक दमदार चढ आणि एक लांबलचक उतार ठरलेलाच. गाडी एका सिलिंडरची, एअर-कूल्ड, बीएस6 या प्रदूषण नियमांतली. सगळ्या सर्व्हिस वेळेवर, शोरूमलाच, पुस्तकात शिक्के आहेत. वॉरंटीत ‘इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर, जे आधी होईल ते’ असं असतं ना, त्यातलं ‘जे आधी होईल ते’ आमच्यासारख्यांच्या बाबतीत कायम किलोमीटरच असतं. त्यामुळे तक्रार लांबणीवर टाकणं मला परवडणारं नव्हतं.

तक्रार अशी की ऑइल कमी होत होतं. गळती कुठेच नाही, इंजिनखाली एक थेंब नाही, पण डबल स्टँडवर लावून इंजिनवरच्या ऑइलच्या काचेतून बघितलं की लेव्हल खालच्या खुणेला टेकलेली. आणि निळसर धूर. सारखा नाही, मधूनच. पुढे सगळं प्रकरण या ‘मधूनच’ भोवतीच फिरलं.

पहिल्या शोरूममध्ये ॲडव्हायझरने माझं बोलणं अर्ध्यात तोडून जॉब कार्डवर लिहिलं, ‘जनरल चेकअप, स्मोक’. गाडी आत नेली, सीटखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन म्हणाला, “सर, एकही एरर नाही. गाडी ओके आहे.”

आता हे स्कॅनर प्रकरण जरा समजून घ्या, कारण हल्ली प्रत्येक शोरूममध्ये हेच ऐकायला मिळतं. 2020 च्या एप्रिलपासून बीएस6 आलं, 2023 च्या एप्रिलपासून त्याचा दुसरा टप्पा आला आणि गाड्यांवर स्वतःची तपासणी स्वतः करणारी यंत्रणा वाढत गेली. चांगलंच आहे. पण ती यंत्रणा बघते सेन्सरच्या डोळ्यांनी. ऑक्सिजन सेन्सर, थ्रॉटलची पोझिशन, इंजिनचं तापमान, मिसफायर होतोय का, एवढंच तिला कळतं. व्हॉल्व्हच्या दांड्याजवळून चमचाभर ऑइल आत उतरतंय, हे सांगणारा सेन्सर माझ्या गाडीत नाही. एरर नाही याचा अर्थ इतकाच की सेन्सरांची काही तक्रार नाही. तक्रार माझी होती.

मग इथेनॉल निघालं. “सर, आता सगळीकडे 20 टक्केवालं पेट्रोल आहे, त्याने असं होतं.” सध्या शोरूमवाल्यांना हे उत्तर फार सोयीचं झालंय. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं, मान्य. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांचा प्रश्न असतो, तेही मान्य. पण इथेनॉल टाकीत असतं आणि कमी होत होतं ते इंजिन ऑइल. निळा धूर ऑइल जळल्याचा असतो, पेट्रोल जास्त झालं तर धूर काळा येतो. हे पाटणच्या स्टँडसमोरचा कुठलाही गॅरेजवाला तुम्हाला चहा पिता पिता सांगेल.

शेवटी प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, ऑइल टॉप-अप केलं आणि सगळ्याचं बिल माझ्या हातात दिलं. वर ऐकवलं, “नवीन गाड्या थोडं ऑइल पितातच.” थोडं म्हणजे किती, कंपनीची मर्यादा काय, ते लिहून द्या म्हटलं तर साहेब जेवायला गेले होते. पुढच्या वेळी गेलो तर सुट्टीवर. त्यानंतर मी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला. सोबत ऑइलच्या काचेचे फोटो जोडले आणि प्रत्येक फोटोमागोमाग लगेच काढलेला मीटरचा फोटो. उत्तर ठरलेल्या साच्यातलं आलं, पण त्यात एक वाक्य कामाचं होतं. वॉरंटीचं काम कुठल्याही अधिकृत शोरूमला करून मिळेल. वॉरंटी कंपनी देते, शोरूम नाही. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्याच दारात बसायला पाहिजे असं काही नसतं.

म्हणून गाडी साताऱ्याला नेली.

तिथेही ॲडव्हायझर पहिल्यासारखाच, टॅबलेटवर बोट फिरवणारा. पण त्याने मागच्या बाजूला हाक मारून एका मेकॅनिकला बोलावलं. तिशीतला असेल, हात पुसत आला. गाडीकडे बघितलंच नाही त्याने, आधी माझ्याकडे बघितलं.

“डॉक्टर, धूर चढावर येतोय का उतारावर?”

पेटीवरचा क्रॉस वाचला असणार. मी म्हटलं, “चढावर नाही. उतारावरही नाही तसा. उतार संपतो आणि ॲक्सिलरेटर देतो ना, तेव्हा एक भपकारा येतो. मागून येणारे सांगतात.”

“आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना?”

“थोडा. मग बंद होतो.”

“तुम्ही उतारावर गिअरवरच सोडता ना गाडी?”

“नाहीतर काय, न्यूट्रल करून मरू?”

तो हसला. “मग रिंगा नाहीत ओ डॉक्टर. वरचं काम आहे. गाइड नाहीतर सील.”

या चार वाक्यांसाठी मी चार स्टार दिलेत. शेतकरी येऊन म्हणतो, गाय खात नाही. तेवढ्यावर मी औषध दिलं तर दहातली सहा जनावरं माझ्या हातून बिघडतील. व्याली कधी, रवंथ करते का, शेण कसं पडतंय, कान गार आहेत का, हे विचारल्याशिवाय पेटी उघडायची नसते. हा मेकॅनिक तेच करत होता. कारणही त्याने नीट समजावलं. रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या ऑइल अडवणाऱ्या कड्या, गेल्या असत्या तर धूर चढावर आला असता, इंजिनवर जोर पडताना. उतारावर गाडी गिअरमध्ये असते आणि ॲक्सिलरेटर बंद असतो. पिस्टन हवा ओढत राहतो पण वाट बंद, म्हणून इनटेकच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या बाजूला जोरदार व्हॅक्यूम होतो. व्हॉल्व्हचा गाइड, म्हणजे त्याचा दांडा सरकतो ती नळी, ढिला असला किंवा त्यावरचं रबरी सील कडक झालं असलं तर तो व्हॅक्यूम हेडमधलं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातलं ऑइल खाली ओढतो. अख्खा घाट उतरेपर्यंत ते साचतं, आणि खाली येऊन ॲक्सिलरेटर पिळला की एकदम जळतं. रात्रभर उभ्या गाडीत तेच थोडं थोडं झिरपतं, म्हणून सकाळचा धूर. कुंभार्ली घाट उतरून पोफळीला पोचलो की मागचे गाडीवाले हात का दाखवायचे, ते तेव्हा कळलं.

त्याच्या सांगण्यावर कंपनी क्लेम मंजूर करणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. त्यामुळे पुरावा गोळा करणं सुरू झालं. आधी ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं आणि ड्रेन बोल्ट व फिलर कॅपवर पिवळ्या पेंटची रेघ मारली, म्हणजे मधे कोणी उघडलं तर कळावं. मीटर लिहून घेतला आणि ठरलेले किलोमीटर चालवून परत यायला सांगितलं. परत गेलो तेव्हा रेघा शाबूत आणि ऑइल खाली. मग कॉम्प्रेशन टेस्ट. प्लग काढून तिथे गेज लावलं, एकदा कोरडं मोजलं, मग प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने त्या फटी बुजून दुसऱ्यांदा काटा वर गेला असता. काटा होता तिथेच राहिला. त्याने दोन्ही वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढला.

हेड उतरवलं त्या दिवशी मी मुद्दाम थांबलो. काचेपलीकडच्या कस्टमर लाउंजमध्ये बसवत होते, मी आत बेंचपाशी उभा राहिलो आणि कोणी हटकलं नाही, हाही एक गुण. दोन व्हॉल्व्ह फडक्यावर शेजारी ठेवलेले. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह राखाडी, कोरडा, जसा असावा तसा. इनटेकच्या पाठीवर मात्र काळा तुकतुकीत थर, नखाने खरवडला की चिकट तुकडा निघत होता. मेकॅनिकने तोच व्हॉल्व्ह साफ करून परत गाइडमध्ये घातला आणि बोटाने आडवा हलवून दाखवला. डोळ्यांना दिसेल एवढा खेळ. एक्झॉस्टच्या गाइडमध्ये तसं काहीच नाही. म्हणजे माझं चालवणं किंवा ऑइलचा ग्रेड कारण असतं तर दोन्हीकडे थोडंफार दिसलं असतं. दोष त्या एका गाइडचा, कारखान्यातूनच आलेला. या गाडीला गाइड सुटा येत नाही, त्यामुळे अख्खं हेड मंजूर झालं. पिस्टनवरचा कार्बन काढला, गॅस्केट नवीन घातली, टॅपेट सेट केले. जळलेलं ऑइल ऑक्सिजन सेन्सर आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही खराब करतं, म्हणून ते तपासून जॉब कार्डवर लिहा म्हटलं, तर तपासून लिहिलं.

आता कापलेला स्टार. पार्ट यायला जो वेळ लागला तो कंपनीचा दोष समजू, पण ‘पार्ट आला का’ हे दर वेळी मीच फोन करून विचारायचं, आणि ॲडव्हायझरने तिसऱ्या रिंगनंतर फोन कापायचा, हे काही बरोबर नाही. बदली गाडी मागितली तर ‘पॉलिसी नाही’. मेहुण्याच्या स्कूटीवर कासदाहाच्या गायी बघत फिरलो, पठारावरच्या खडीत तिची पार वाट लागली आणि त्याचं अजून ऐकून घेतोय. आणि बिल. हेड, सील, गॅस्केट, मजुरी सगळं शून्य, पण नवीन ऑइल आणि ऑइल फिल्टर माझ्या माथी. ‘कन्झ्युमेबल आहे सर.’ अहो, पण तुमचं हेड खराब निघालं म्हणून तर ते ऑइल काढावं लागलं. सर्व्हिसला अजून वेळ होता. वाद घातला, फिल्टर सोडला, ऑइलचे पैसे घेतलेच.

ज्यांच्या गाडीचं असं काही चालू आहे त्यांना एवढंच सांगतो की जॉब कार्डवर सही करण्याआधी तक्रारीचा रकाना वाचा. ‘जनरल चेकअप’ लिहिलं असेल तर खोडायला लावा आणि आपल्या शब्दांत लिहायला लावा: ऑइल कमी होतंय, गळती नाही, उतारानंतर निळा धूर. क्लेम बघणारा माणूस तुमची गाडी बघत नाही, तो कागद बघतो. पहिल्या शोरूमच्या त्या दोन शब्दांमुळे माझी तक्रार जुनी असल्याचं दाखवायला मला मेल आणि फोटो पुढे करावे लागले. शोरूम दादच देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो तिथेही करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालायला लागत नाहीत. मला त्या थराला जावं लागलं नाही.

हेड बदलल्यापासून कुंभार्ली दोन्ही बाजूंनी झालाय, सडावाघापूर तर रोजचंच. काचेतली लेव्हल हललेली नाही, मागून कोणी हात दाखवत नाही. एक गोष्ट मात्र अडकून आहे. नवीन हेडला वेगळी वॉरंटी नाही, मूळ वॉरंटीचे उरलेले किलोमीटर तेवढेच, असं सर्व्हिस मॅनेजर तोंडी म्हणाले. ते लेखी द्या म्हटलंय. “मेल टाकतो डॉक्टर,” म्हणाले. मेल आला की रिव्ह्यूत लिहीन.