सत्तरीत काय निवडावं: रोजचं चालणं की इंटरव्हल?

सकाळी पाऊण तास चालणाऱ्या काकांना हल्ली कुणी ना कुणी सुनावतंच, ‘नुसत्या चालण्याने काही होत नाही, इंटरव्हल करा’, म्हणजे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश, असा आलटूनपालटून व्यायाम. सल्ला अर्धाच खरा आहे.

तिशीनंतर शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर दशकात साधारण १० टक्क्यांनी उतरते, सत्तरीनंतर त्याहून वेगाने. दोन जिने चढून धाप लागते ती बऱ्याचदा यामुळेच. ही क्षमता वाढवायची तर इंटरव्हल सरस. दहा मिनिटं अंग गरम करायचं, मग चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असे चार फेरे. जोरात म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येऊ नये इतकं. गप्पा मारत, वर्षानुवर्षं त्याच वेगाने चाललात तर आहे ते टिकतं, वाढत फारसं नाही.

मग आयुष्यही वाढतं का? नॉर्वेतल्या ट्रोन्डहाइममध्ये ७० ते ७७ वयाच्या १,५६७ जणांना पाच वर्षं तपासलं. निष्कर्ष २०२० मध्ये आले. इंटरव्हल गटात ३ टक्के दगावले, मध्यम व्यायामाच्या गटात ५.९, आणि फक्त व्यायामाचा सरकारी सल्ला पाळायला सांगितलेल्या गटात ४.७. आकडे इंटरव्हलच्या बाजूने दिसतात, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. शिवाय तो तिसरा गटही चांगलाच हालता-चालता होता, त्यातल्या काहींनी आपणहून इंटरव्हलच केलं! त्यामुळे ‘इंटरव्हलने जास्त जगाल’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

चालण्याची बाजू साधी: खर्च नाही, सोबत मिळते, आणि सहा महिन्यांनी सुटत नाही. इंटरव्हल नेमकं तिथे मार खातं.

गुडघे कुरकुरत असतील तर धावू नका, चढ गाठा. पुणेकरांना टेकडी आहेच. चढताना नाडी आपोआप वाढते. गुडघ्यांवर ताण येतो तो उतरताना, तेव्हा सावकाश. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी ठेवणारं औषध) चालू असेल तर घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका, श्वासावरून ओळखा. हृदयविकार, मधुमेह असेल किंवा चढावर छातीत दाब जाणवत असेल, तर आधी डॉक्टर, इंटरव्हल नंतर.

माझं मत विचाराल तर चालणं सोडू नका, त्यातलेच आठवड्याचे दोन दिवस इंटरव्हलला द्या. तोल आणि ताकदीचे व्यायाम मात्र वेगळेच करावे लागतील, ते या दोन्हींत येत नाहीत.