साठ हजारांचा गेमिंग पीसी आणि जळगावचा उन्हाळा : रायझन ५ ५६०० + आरएक्स ६६००, वापरानंतरचा अनुभव

यूट्यूबवरचे बेंचमार्क (वेगाच्या चाचण्या) बहुतेक एसी खोलीत काढलेले असतात. इकडे मे महिन्यात पारा ४४ ला टेकतो आणि दुपारी पंख्याखालीसुद्धा खोलीत ३७-३८ अंश सहज असतं. त्या व्हिडिओतले फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात) आपल्याकडेही जुळतात, तापमानं अजिबात जुळत नाहीत. माझ्या पीसीचा एक अख्खा उन्हाळा, एक पावसाळा आणि दिवाळीची सुट्टी झाली, म्हणून आता लिहितोय. बजेट पीसीची चर्चा निघाली की सगळे ग्राफिक्स कार्डावर तुटून पडतात. रोजच्या वापरात मात्र गाठ पडते ती पॉवर सप्लाय, अर्थिंग आणि हवा यांच्याशी, म्हणून या तिघांवर जरा जास्त लिहिलंय.

आधी माल काय आहे ते सांगतो. प्रोसेसर रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा छोटा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, ८ जीबीचं रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटचा ब्रॉन्झ पॉवर सप्लाय, समोर जाळी असलेली कॅबिनेट आणि २४ इंची १०० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर. तेव्हाच्या भावाने प्रोसेसर साडेदहाच्या आसपास, कार्ड वीस हजार, रॅम तीन हजार. बाकी सगळं धरून साठच्या थोडं वर गेलं. काही माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला, काही ऑनलाइन घेतला.

गावातल्या दुकानात याच पैशांत, किंबहुना निम्म्यात, ‘आय सेव्हन’ मिळतो. तो आय सेव्हन कुठल्या जनरेशनचा हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. बहुतेक वेळा तो ३७७०, म्हणजे २०१२ सालचा निघतो. ऑफिसातून निघालेला प्रोसेसर, नाव-गाव नसलेला नवा बोर्ड आणि चार रंगीत पंखे असा तो संसार. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट या गेमला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी) लागतं, ते या बोर्डांवर कुठून येणार? फक्त जुना जीटीए ५ खेळायचा असेल तर घ्या, नाहीतर लांबूनच नमस्कार.

दुसरा सल्ला हमखास मिळतो, ‘५६००जी घ्या, कार्ड नंतर टाकू.’ कार्ड खरोखरच वर्षभराने येणार असेल तर सल्ला चांगला आहे, कारण ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे आणि साध्या ५६०० मध्ये नाही. पण कार्ड पहिल्या दिवशीच घेणार असाल तर ५६००जी चा तोटाच. ५६०० मध्ये एलथ्री कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ एमबी, जी मध्ये १६. शिवाय जी मध्ये पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणारा रस्ता) तिसऱ्या पिढीचंच. गेममध्ये कॅशेचा फरक जाणवतो.

कार्ड निवडताना नावावर जाऊ नका. आरटीएक्स ३०५० एकाच नावाने ८ जीबी आणि ६ जीबी असं दोन प्रकारांत मिळतं आणि फरक नुसत्या मेमरीचा नाही. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर आणि १२८ बिटची बस (मेमरीकडे जाणारा रस्ता), ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. त्या छोट्याचा एक गुण मात्र खरा. ते ७० वॅटवर चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे जुन्या ऑफिसच्या पीसीत बसतं. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ४ जीबी मेमरी, पीसीआयईच्या चारच लेन आणि व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे स्ट्रीमिंगचं काम प्रोसेसरच्या डोक्यावर. आरएक्स ६६०० ला आठ लेन आहेत, त्यामुळे ते बी४५० (बी५५० च्या आधीच्या) बोर्डावर तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालवलं तरी फारसं बिघडत नाही. पैसे कमी पडत असतील तर बोर्डात वाचवा, फक्त बी४५० वर रायझन ५००० मालिकेसाठी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालंय का हे दुकानदाराकडून आधी वदवून घ्या.

आता खेळताना काय मिळतं ते. १०८० पी वर व्हॅलोरंट दोनशे फ्रेमच्या खाली क्वचित येतं. काउंटर-स्ट्राइक २ मिडियमवर दीडशेच्या आसपास, धुरात शिरलं की कमी. सायबरपंक २०७७ हाय सेटिंगवर साठच्या वर, रे ट्रेसिंग (प्रकाशाचं हुबेहूब चित्रण) बंद ठेवून. रे ट्रेसिंग या कार्डाचं काम नाही, तो पर्याय आहे हे विसरून जा. एल्डन रिंग मुळातच साठ फ्रेमला बांधलेलं आहे, तिथे कार्ड निवांत असतं. ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंगवर पोट असेल तर मात्र एनव्हिडियाकडे जा, तिकडचे बरेच सॉफ्टवेअर कूडा (एनव्हिडियाची स्वतःची प्रणाली) धरून लिहिलेले असतात. मी फक्त खेळतो आणि थोडंफार कोडिंग करतो, मला काही अडलं नाही.

आता उन्हाळा. हिशेब सोपा आहे. खोली जितके अंश जास्त गरम, साधारण तितकेच अंश आतला प्रत्येक पार्ट जास्त गरम. जो प्रोसेसर पुण्याच्या जानेवारीत ६५ वर खेळतो, तो इथे मे महिन्यात ८० ला जातो, आणि ५६०० ची कमाल मर्यादा ९० आहे. प्रोसेसरबरोबर आलेल्या छोट्या कूलरने ती मर्यादा ओलांडू दिली नाही, पण दुपारी त्याचा आवाज इतका असायचा की आई पलीकडच्या खोलीतून ‘मिक्सर बंद कर रे’ म्हणायची. मग दीडेक हजारांचा १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर बसवला आणि आठ-दहा अंश उतरले. पैसे घालायचे नसतील तर बायोसमध्ये इको मोड असतो. ६५ वॅटचा प्रोसेसर ४५ वॅटच्या बंधनात चालतो, गेममध्ये फरक जेमतेम कळतो.

कार्डासाठी सगळ्यात उपयोगी पडलं ते फ्रेम कॅप, म्हणजे फ्रेमवर घातलेली मर्यादा. मॉनिटर १०० हर्ट्झचा, मग कार्डाने दोनशे फ्रेम काढून दाखवायच्या कुणाला? ड्रायव्हरमध्ये ९७ ची मर्यादा घातली, फ्रीसिंक (मॉनिटरची गती कार्डाशी जुळवणारी सोय) चालू ठेवलं. मे महिन्याच्या दुपारी जड गेमना ६० वर बांधतो. कार्डाचं तापमान आणि पंख्याची घरघर दोन्ही लगेच खाली येतात, शिवाय वीजही वाचते. माझा पीसी जड गेममध्ये मॉनिटरसकट भिंतीतून अडीचशे वॅटच्या आसपास खातो. रोज चार तास धरले तर महिन्याला तीस युनिट. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो, तेव्हा हे तीस युनिट घरातल्यांच्या नजरेत भरतात.

खानदेशात घरोघरी वाळ्याचा नाहीतर हनीकोंबचा कूलर असतो. त्याच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. खोली गार होते हे खरं, पण झोतात ओल असते, आणि ओल नि धूळ एकत्र आली की पंख्याच्या पात्यांवर चिखलाचा पापुद्रा धरतो. कॅबिनेट बाजूला, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. समोर काच असलेल्या कॅबिनेट दिसायला झकास असतात, आपल्या हवामानात जाळीचीच घ्या. कापसाच्या हंगामात माझ्या जाळीवर नमद्यासारखा थर बसतो, बोटाने सोलता येतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंगची वाट लागते.

आता अर्थिंग. पीसी जोडला त्याच आठवड्यात अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लागला की मुंग्या यायच्या. टेस्टर टेकवला तर दिवा पेटला. पार्ट खराब आहे म्हणून परत पाठवायची गरज नव्हती. प्रत्येक पॉवर सप्लायच्या तोंडाशी आवाज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोघांनाही बॉडीशी जोडतात. अर्थिंग असेल तर तिथली किरकोळ गळती जमिनीत जाते. नसेल तर बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. करंट नगण्य असतो म्हणून माणूस मरत नाही, पण एचडीएमआय केबल चालू पीसीत खुपसताना हेच व्होल्टेज कार्डाच्या पोर्टपर्यंत जाऊ शकतं. आमच्या घरात तीन पिनचे सॉकेट दिमाखात बसवलेले, तिसऱ्या भोकाला मागून वायरच नव्हती. जुन्या घरांत हे सर्रास आहे. वायरमनने अंगणात खड्डा घेतला, प्लेट पुरली, मीठ-कोळसा घातला, वर पाणी घालायला पाइप ठेवला. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं, कोरड्या जमिनीत अर्थिंग मरतं. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर दिसत असेल तर वायरमनला पुन्हा बोलवा. मुंग्या त्या दिवसापासून बंद.

पावसाळ्यात लाइट जाण्याचा प्रश्न. बहुतेकांकडे घराचा इन्व्हर्टर असतोच. त्याच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असं बटण असतं. नॉर्मल मोडवर पंखे-दिव्यांना काही होत नाही, पीसी मात्र बदलाच्या क्षणी रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर बदल दहा-पंधरा मिलिसेकंदांत होतो. चांगला पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, तेवढी ऊर्जा त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेली असते. स्वस्त सप्लायमध्ये कंपन्या काटकसर करतात ती नेमकी याच कपॅसिटरमध्ये. म्हणून शेजारच्याचा पीसी त्याच इन्व्हर्टरवर बंद पडतो आणि आपला चालू राहतो. ब्रॉन्झचा शिक्का कार्यक्षमतेचा असतो, आतला माल कसा आहे याची हमी तो देत नाही. त्या मॉडेलचं उघडून केलेलं परीक्षण शोधून वाचा आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेलाच घ्या. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस घेऊन गेमिंग होत नाही. तो ३६० वॅटचा असतो, जड गेममध्ये मिनिट-दोन मिनिटांत मान टाकतो. हजार व्हीए घ्या.

एकच पार्ट बिघडला तो म्हणजे रॅमची एक काडी. गेम मधूनच डेस्कटॉपवर येऊन पडायचे, कधी निळा स्क्रीन. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर लावला, सकाळी लाल ओळींनी स्क्रीन भरलेला. दोन्ही काड्या एकेक करून तपासल्यावर दोषी सापडली. ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली त्याने सरळ सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवलं. सर्व्हिस सेंटर मुंबईत, कुरिअर माझ्या खर्चाने, आणि त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती जीएसटी बिल आणि सीरियल नंबरचा फोटो. ‘बिलाशिवाय घ्या, १८ टक्के वाचतील’ म्हणणाऱ्या दुकानातून घेतली असती तर मामला तिथेच संपला असता.

तोवर एकाच काडीवर दिवस काढले आणि ड्युअल चॅनेल (दोन काड्या एकदम वापरणं) काय चीज आहे ते डोळ्यांनी दिसलं. सरासरी फ्रेम थोड्याच उतरल्या, पण गर्दीत शिरलं की खेळ अडखळायचा. गाडी भरधाव सोडून वळणावर नेली की चित्र क्षणभर थिजायचं. दुकानात १६ ची एकच काडी माथी मारत असतील तर ८ च्या दोन मागा. आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का पाहा. दुकानात जोडलेल्या कितीतरी मशीनमध्ये ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर बिचारी रांगत असते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग लिहिलेला दिसतो.

एसएसडीबद्दल फार काही नाही. तिसऱ्या पिढीची, डीरॅम (स्वतःची वेगवान मेमरी) नसलेली घेतली, गेम लोड व्हायला पुरेशी आहे. ५०० जीबी मात्र घेऊ नका. रेड डेड रिडेम्प्शन २ एकटाच सव्वाशे-दीडशे जीबी खातो.

आज हीच यादी घेऊन कुणी बाजारात गेलं तर साठात बसणार नाही. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे कारखाने व्यापून टाकले आणि रॅमचे भाव दुपटी-तिपटीवर गेले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे डीडीआर५ लागणाऱ्या एएम५ (एएमडीच्या नव्या प्रोसेसरचं सॉकेट) वर जायचा विचार मी तूर्तास बाजूला ठेवलाय. नवीन घेणाऱ्यांनी जुनी डीडीआर४ शोधावी, आणि मेमटेस्ट चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कार्डात आरएक्स ६६०० मिळालं नाही तर ७६०० बघा, ते १६५ वॅटचं आहे, ५५० चा सप्लाय पुरतो. आरटीएक्स ५०५० सुद्धा ८ जीबी आणि १३० वॅटमध्ये येतं. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरीमुळे मोहात पाडतं, पण त्याला रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त राबवतो. ५६०० सारख्या प्रोसेसरबरोबर काही गेममध्ये ते बरंच मागे पडतं, हे जानेवारी २०२५ मधल्या चाचण्यांत दिसलं होतं. एएम४ चा, म्हणजे ५६०० बसतो तसला, बोर्ड असणाऱ्यांनी ते सोडून द्यावं.