पक्कं बिल नको म्हणालो, तिथंच फसलो

मृग तोंडावर आलाय, म्हणून हे आत्ताच लिहून काढतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पाच एकरांत आणि चुलतभावाच्या तीन एकरांत सोयाबीन उगवलंच नाही. बियाणं खराब होतं हे खरं. पण दाद मागायची वाट मी स्वतःच्या हातानं बंद केली होती.

आमचं गाव औसा तालुक्यात. दुकान नेहमीचं, पंधरा वर्षांचं येणं-जाणं. वडील दवाखान्यात होते त्या साली याच माणसानं खत उधार दिलं होतं. त्यामुळं त्याच्याकडं संशयानं बघायचं माझ्या मनातही आलं नाही. चुलतभाऊ दुसरीकडून घेणार होता. मीच म्हणालो, "कशाला हिंडतो? आपला माणूस आहे."

आठ पिशव्या काढल्या. मी बिल मागितलं, नाही असं नाही. तो म्हणाला, "अण्णा, पक्कं बिल केलं तर जीएसटी बसतो. पिशवीमागं दीडशे वाढतील. आपल्यात कागद कशाला?" त्यानं वहीचं पान फाडून त्यावर बेरीज केली आणि खाली रेघ ओढली. त्यावर ना दुकानाचं नाव, ना सही, ना लॉट नंबर (बी कोणत्या खेपेतलं ते सांगणारा नंबर). बाराशे रुपये वाचले या आनंदात मी पिशव्या टमटममध्ये टाकल्या.

पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी शून्य आहे. हे मला नंतर कळलं, कृषी कार्यालयाच्या व्हरांड्यात. म्हणजे ते बाराशे रुपये मला कधी द्यायचेच नव्हते. पण मला जास्त टोचतं ते वेगळंच. कर खरंच असता, तरी तो बुडवायला मी एका शब्दात तयार झालो होतो. गावच्या रस्त्यासाठी ग्रामसभेत तावातावानं बोलणारा मी, बिलाच्या वेळी गप्प बसलो.

पेरणीच्या दिवशी गडबड होती. वापसा आला होता, ट्रॅक्टरवाला पुढच्या रानात जायच्या घाईत. गड्यानं विळ्यानं शिलाया उसवल्या, बी पेटीत ओतलं. पिशवीच्या शिलाईत टॅग असतो, सरकारी यंत्रणेनं तपासलेल्या प्रमाणित बियाण्याला निळा, कंपनीनं स्वतःच्या हमीवर विकलेल्या सत्यप्रतला हिरवा. आमच्या पिशव्यांना कोणता होता, मुळात होता का, ते मला आजही सांगता येत नाही. रिकाम्या पिशव्या त्याच संध्याकाळी भुसा भरायला गेल्या.

आठव्या दिवशीही तासं मोकळीच. बोटानं माती उकरली तर फुगून कुजलेलं बी हाताला लागायचं. पाऊस बरा, खोली बरी, आणि शेजारच्या बांधापलीकडं दुसऱ्या दुकानाचं बी हिरवंगार उभं.

तालुक्याला तक्रार दिली. समिती आली, ठिकठिकाणी रोपं मोजली, पंचनामा केला. सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के लागते. आमच्यात शंभरातली वीस-बावीसही धड नव्हती. मग साहेबांनी शांतपणे विचारलं, "बिल आणि टॅग द्या." मी वहीचं ते पान पुढं केलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. दुकानदाराला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "हे बी माझ्याकडचं नाही. असेल तर बिल दाखवा." 'आपल्यात कागद कशाला' म्हणणारं तोंड तेच होतं.

कायदा आपल्या बाजूनं आहे, हे कळल्यावर तर जास्त वाईट वाटलं. बिल देणं विक्रेत्याला बंधनकारक आहे, 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशात तसं लिहिलंय. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केलं. तपासणीसाठी त्यानं बी राखून ठेवावं ही अपेक्षाही न्यायालयानं धरली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. पण विकत घेतलं कुणाकडून, एवढं तरी दाखवावं लागतं ना? माझ्याकडं तेवढंही नव्हतं.

त्याच दुकानाचं बी पेरून फसलेले आणखी दोघं भेटले. अर्जावर सही करा म्हणालो, तर दोघांनी मान खाली घातली. त्यांची खताची उधारी त्याच वहीत होती. मी त्यांना दोष देत नाही, पण तिघांच्या सह्या असत्या तर निदान त्या दुकानाची तपासणी तरी लागली असती, असं वाटत राहतं.

पेरणी मोडली. पुन्हा बी, पुन्हा ट्रॅक्टर, आणि आर्द्रा निम्म्या सरल्यावर दुबार पेरा.

आता मी पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो. सत्तरच्या वर कोंब आले तरच ते बी रानात नेतो. पिशवी टॅगच्या उलट्या बाजूनं उसवतो आणि टॅग, रिकामी पिशवी, मूठभर बी पीक निघेपर्यंत जपतो. पक्कं बिल मिळत नसेल तर दुकानाची पायरी उतरतो, मग ओळख कितीही जुनी असो.

चुलतभावाला मी त्याच्या तीन पिशव्यांचे पैसे द्यायला गेलो होतो. त्यानं घेतले नाहीत. "दादा, तूही फसलास की," एवढंच म्हणाला. वहिनी मात्र बराच वेळ चुलीपासून उठल्या नाहीत. त्या वर्षी त्यांच्या थोरलीची कॉलेजची फी भरायची होती.

गेल्या वर्षी आम्ही दोघं लातूरला गेलो. बिल हातात आल्यावर तो काउंटरसमोरच उकिडवा बसला आणि एकेका पिशवीचा लॉट नंबर मोठ्यानं वाचू लागला. मी बिलावर बोट ठेवून जुळवत होतो. मागचे लोक खोळंबले होते. एक जण म्हणाला, "अहो, आटपा की." भावानं वर बघितलं नाही. सहाही पिशव्या वाचून झाल्यावरच तो उठला.