मोंतेविदेओत बिऱ्हाड मांडताना: एका स्थलांतर-साहाय्य सेवेचे परीक्षण

पुण्याहून उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ येथे माझ्या नोकरीनिमित्त येण्याचे ठरले, तेव्हा कंपनीने विमानाची तिकिटे, व्हिसा आणि पहिल्या तीन आठवड्यांची राहण्याची सोय एवढीच जबाबदारी घेतली होती. रहिवासाचा अर्ज, ओळखपत्र, घर, दवाखाना आणि मुलीची शाळा हे सारे आम्हा दोघांनाच पाहायचे होते आणि आमचे स्पॅनिश तेव्हा नमस्कार-चमत्कारापलीकडे जात नव्हते. म्हणून आम्ही येथील एका छोट्या स्थलांतर-साहाय्य सेवेचे पूर्ण पॅकेज घेतले. त्याचे शुल्क आम्हाला साधारण एका महिन्याच्या घरभाड्याइतके पडले आणि त्यावर 22 टक्के इवा, म्हणजे येथील मूल्यवर्धित कर, वेगळा द्यावा लागला. पुढे काही तक्रारीही मांडल्या असल्यामुळे सेवेचे नाव मी येथे देत नाही. तथापि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 2002 साली मोंतेविदेओत केंद्र सुरू केल्यापासून या शहरात भारतीय माणसांची ये-जा सुरू आहे, आणि कोणत्या कामासाठी पैसे मोजावेत व कोणते काम स्वतः करावे हे कळले, तर नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांचा पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचेल.

माझे मत आधीच सांगते. कागदपत्रांच्या कामासाठी अशी सेवा अवश्य घ्यावी. घर शोधण्याचे काम मात्र तिच्यावर सोपवू नये.

कागदपत्रांबाबत या सेवेने केलेले सर्वांत मोलाचे काम आम्ही भारतातून निघण्यापूर्वीच झाले. सेवेतील ज्येष्ठ बाईंनी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर आमचे जन्मदाखले, विवाह नोंदणी दाखला आणि पोलीस दाखला यांच्या स्कॅन प्रती मागवून घेतल्या आणि प्रत्येक कागदाचा प्रवास कोणत्या क्रमाने व्हायला हवा हे समजावून सांगितले. भारत 2005 पासून आणि उरुग्वे 2012 पासून हेगच्या अपोस्टिल कराराखाली, म्हणजे एकमेकांच्या सरकारी कागदांवरचे प्रमाणन मान्य करण्याच्या कराराखाली, असल्यामुळे दूतावासाच्या शिक्क्याची गरज उरलेली नाही. आधी राज्य शासनाची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, आणि त्यानंतर उरुग्वेत तेथीलच नोंदणीकृत सार्वजनिक भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर, असा हा क्रम आहे. पुण्यात एका एजंटने आम्हाला भारतातच स्पॅनिश भाषांतर करून घेण्याचा सल्ला दिला होता. तो ऐकला असता तर ते पैसे वाया गेले असते, कारण येथील कार्यालये येथल्याच भाषांतरकाराची सही आणि शिक्का ग्राह्य धरतात. त्या भाषांतरावर व्यावसायिकांच्या निवृत्तिवेतन निधीसाठीचे एक तिकीट चिकटवलेले असते. आपल्या जुन्या रेव्हेन्यू स्टॅम्पची आठवण करून देणारे ते तिकीट नसेल, तर कागद परत येऊ शकतो.

त्याच कॉलवर माझ्या जन्मदाखल्याची अडचण उघड झाली. माझा जन्म सांगलीचा, आणि त्या काळच्या अनेक नोंदींप्रमाणे माझ्याही नोंदीत आईवडिलांची नावे, तारीख आणि लिंग एवढेच होते. बाळाच्या नावाची जागा कोरी होती. भारतात शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्ट यांवर आयुष्य निभावून गेले, त्यामुळे ही कोरी जागा मला कधी खटकलीच नव्हती. बाईंनी मात्र ती पाहताक्षणी सांगितले, की या दाखल्यावर उरुग्वेत ओळखपत्र मिळणार नाही, आधी नाव नोंदवून घ्या. माझ्या सासूबाई सांगलीलाच असतात. त्यांनी अर्ज, माझा शाळेचा दाखला आणि आईवडिलांचे प्रतिज्ञापत्र घेऊन हे काम पार पाडले. इकडे येऊन पोहोचल्यावर ही गोष्ट कळली असती, तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. मराठी वाचकांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की विमानाचे तिकीट काढण्याआधी आपला जन्मदाखला एकदा नीट उघडून वाचावा.

दुसरी अडचण विवाहित मराठी स्त्रीच्या नावाची. आपल्याकडे मुलीचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी रचना असते, आणि लग्नानंतर मधले व शेवटचे नाव बदलते. उरुग्वेत माणसाला स्वतःची एक किंवा दोन नावे आणि त्यापुढे दोन आडनावे असतात, सहसा पहिले वडिलांचे व दुसरे आईचे. स्त्रीचे आडनाव लग्नाने बदलत नाही. परिणामी माझा जन्मदाखला एका स्त्रीचा आणि पासपोर्ट दुसऱ्या स्त्रीचा, असे येथील अधिकाऱ्याला वाटणे स्वाभाविक होते. विवाहाचा दाखला, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची नोंद आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र असे तीन कागद अपोस्टिल करून आणल्यामुळे हा गुंता सुटला. मात्र सेवेने नेमलेल्या भाषांतरकाराने पहिल्या मसुद्यात माझ्या वडिलांचे नाव हेच माझे पहिले आडनाव म्हणून लिहिले होते. मी मसुदा शब्दन्‌शब्द वाचला म्हणून ते वेळीच लक्षात आले. चूक विनाशुल्क दुरुस्त करून मिळाली, पण त्यात बारा दिवस गेले. आपले नाव येथे एकदा जसे नोंदले जाईल तसेच ते बँकेत, दवाखान्यात आणि मुलीच्या शाळेत चालत राहते. म्हणून भाषांतराला आपल्या नावाच्या तीन भागांचा अर्थ सांगणारे एक टिपण स्वतःहून जोडावे.

रहिवासाचा अर्ज दाखल झाला, की निकाल लागेपर्यंत थांबावे लागत नाही. अर्ज प्रलंबित असतानाच तात्पुरती सेदुला, म्हणजे राष्ट्रीय ओळखपत्र, मिळते. सिउदाद विएखा या जुन्या शहरातील कार्यालयात सेवेची तरुण सहकारी आमच्यासोबत आली होती. वेळ ऑनलाइन घेतलेली असल्याने रांग फारशी नव्हती, बोटांचे ठसे आणि छायाचित्र तेथेच घेतले गेले, आणि खिडकीपलीकडच्या बाईंनी माझ्या मुलीला तिच्या नावाचा अर्थ विचारला. सेदुलाचा क्रमांक येथे प्रत्येक पावलावर विचारला जातो, मग ते फोनचे कार्ड असो, बँकेचे खाते असो, की औषधाच्या दुकानातील सवलत. कागदपत्रांच्या या भागासाठी मी सेवेला निःशंकपणे पाचपैकी साडेचार गुण देईन.

आता घराविषयी. तीन आठवड्यांत घर मिळवून देण्याचे आश्वासन सेवेने पाळले, यात वाद नाही. परदेशी माणसासाठी येथे सर्वांत अवघड असते ती भाड्याची हमी. घरमालक केवळ अनामत रकमेवर क्वचितच समाधान मानतात; आंदा या 1933 साली स्थापन झालेल्या संस्थेची हमी, विमा कंपनीची हमी, किंवा बांको इपोतेकारियो या गृहकर्ज बँकेत पाच महिन्यांच्या भाड्यापर्यंतची ठेव, असे काहीतरी मागितले जाते. 2020 च्या कायद्याने हमीविना भाडेकराराची वाट खुली झाली आहे, परंतु त्या करारात भाडे थकल्यास घर खाली करून घेण्याची प्रक्रिया बरीच जलद असते, हे सही करण्यापूर्वी समजून घ्यावे. नव्याने आलेल्या माणसाकडे येथील पगाराची जुनी नोंद नसल्यामुळे आम्ही ठेवीचा मार्ग पत्करला, आणि त्यासाठीचे बँकेतील काम सेवेने उत्तम केले. भाड्याखेरीज गास्तोस कोमुनेस, म्हणजे आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स, दरमहा भाडेकरूलाच भरावा लागतो आणि जुन्या, रखवालदार असलेल्या इमारतींत तो चांगलाच जड असतो, हेही त्यांनी आधी सांगितले.

जे सांगितले नाही ते दिशेविषयी होते. आम्हाला पाच घरे दाखवण्यात आली आणि त्यांतील सर्वांत देखणे घर रांब्लावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या लांबलचक रस्त्यावर, सातव्या मजल्यावर होते. दिवाणखान्याच्या पूर्ण भिंतीएवढ्या काचेतून रिओ दे ला प्लाता नदीचे तपकिरी, समुद्रासारखे अथांग पाणी दिसत होते. मार्चचे दिवस होते, हवा सुखद होती, आणि आम्ही दोन वर्षांच्या करारावर सही केली. दक्षिण गोलार्धात सूर्य दुपारी उत्तरेकडे असतो हे शाळेत शिकलेले असूनही घर पाहताना आमच्या मनात आले नाही. मोंतेविदेओचा किनारा बव्हंशी दक्षिणेला आहे. त्यामुळे येथे पाण्याचे दर्शन म्हणजे बहुतेक वेळा उन्हाकडे पाठ. हे शहर जवळजवळ 35 अक्षांशांवर असल्याने जूनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32 अंश वर येतो, आणि आमच्या त्या घरात मे महिन्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत उन्हाचा कवडसाही पडला नाही.

त्याचा अर्थ थंडीपेक्षाही ओल हा आहे. मोंतेविदेओत बर्फ पडत नाही, तापमान क्वचितच शून्याखाली जाते, पण नदीवरून येणारा दमट वारा भिंतींत मुरतो. जुलैमध्ये एका रविवारी मी कपाट उघडले, तेव्हा लग्नातल्या पैठणीच्या घडीवर करड्या बुरशीचे ठिपके होते आणि कपाटामागची भिंत हाताला ओली लागत होती. डब्यातले पापड कोकणातल्या आषाढासारखे सादळले होते. आम्ही हवेतील ओल शोषणारे यंत्र आणले. त्याची टाकी रोज सकाळी काठोकाठ भरलेली असे. हीटर आणि हे यंत्र मिळून हिवाळ्यात आलेले विजेचे बिल, घराच्या देखणेपणासाठी मोजलेल्या जास्तीच्या भाड्याहूनही अधिक होते. शेजारच्या आजींनी मला नंतर सांगितले, की येथील माणसे घराच्या जाहिरातीत पहिल्यांदा ‘आल नोर्ते’, म्हणजे उत्तराभिमुख, हे शब्द शोधतात. जी गोष्ट शेजारच्या आजींना ठाऊक आहे, ती घर दाखवण्याचे शुल्क घेणाऱ्या सेवेने ग्राहकाला सांगायलाच हवी होती. विचारल्यावर मिळालेले उत्तर असे, की बहुतेक परदेशी ग्राहक पाण्याकडे तोंड असलेलेच घर मागतात. आम्ही तसे मागितले नव्हते. घराच्या भागासाठी मी पाचपैकी दोनहून अधिक गुण देऊ शकत नाही, आणि ते दोनही ठेवीच्या कामासाठीच आहेत.

माझ्या मते पहिले दोन-तीन महिने सामानासह मिळणाऱ्या लहान घरात काढावेत, कॉर्दोन किंवा पार्के रोदो यांसारख्या मधल्या वस्त्यांतून पायी हिंडावे, आणि होकायंत्र हाती घेऊन स्वतः घरे पाहावीत. घर दुपारी एक ते तीनच्या दरम्यान पाहावे, कपाटांच्या आतल्या भिंतींना हात लावून पाहावा, आणि नव्याने रंग दिलेला कोपरा दिसला तर तो का दिला हे विचारावे. वीज आपल्यासारखीच 220-230 व्होल्टची असल्याने पुण्याचा मिक्सर येथे चालतो; फक्त आपली तीन पिनांची प्लग येथे बसत नाही.

उरलेल्या सेवांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. नोकरदाराच्या पगारातून फोनासा या राष्ट्रीय आरोग्य निधीसाठी कपात होते आणि त्या बदल्यात मुतुआलिस्ता, म्हणजे सभासदत्वावर चालणारी रुग्णालय-संस्था, निवडता येते. सेवेने आम्हाला एका माहितीपत्रकाखेरीज काही दिले नाही; घराजवळचे बालरोगतज्ज्ञ कोठे बसतात हे सहकाऱ्यांना विचारूनच आम्ही निवड केली. दरमहा थोडी वर्गणी घेऊन घरी डॉक्टर पाठवणारी आपत्कालीन सेवा येथे अनेक कुटुंबे वेगळी घेतात, आणि लहान मूल असेल तर तीही घ्यावी. बिले भरण्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यावर आबिताब आणि रेदपागोस यांची केंद्रे आहेत, तेथे कुणाच्याही मदतीची गरज पडत नाही.

पॅकेजमधील ‘बाजार-परिचय’ नावाची अर्ध्या दिवसाची फेरी मात्र शाकाहारी कुटुंबाने वगळावी. आम्हाला एका मोठ्या सुपरमार्केटात नेऊन मांसाचे विभाग समजावण्यात आले. आपल्याला हवे ते वस्तीतल्या फेरियात, म्हणजे आठवडी बाजारात, मिळते: मसूर, छोले, पालक, भोपळा, आणि हंगामात स्वस्त संत्री. हळद कुर्कुमा या नावाने मिळते. पिझ्झाच्या दुकानांत फाइना नावाचा जो पदार्थ विकतात, तो बेसनाचाच असल्यामुळे आपल्या पोळ्याच्या, धिरड्याच्या जवळचा लागतो, आणि त्याचे पीठ ‘आरिना दे गार्बान्सो’ म्हणून सर्वत्र मिळते. हे कळल्या दिवशी आमच्या घरी पिठले झाले.

एक गोष्ट सेवेच्या आवाक्याबाहेरची आहे, पण तिने ग्राहकाला सांगावी अशी माझी सूचना आहे. उरुग्वेसाठीचे भारतीय दूतावासाचे काम नदीपलीकडच्या ब्युनोस आयर्सहून पाहिले जाते. बोटीने ते शहर काही तासांवर असले, तरी भारतीय पासपोर्टधारकाला अर्जेंटिनाच्या प्रवेशाची परवानगी वेगळी पाहावी लागते. म्हणून ज्यांच्या पासपोर्टाची मुदत दोन-तीन वर्षांत संपणार आहे, त्यांनी तो पुण्या-मुंबईतच नवा करून घ्यावा, आणि नव्या पासपोर्टावरील नावाची फोड जन्मदाखला व विवाहाच्या दाखल्याशी अक्षराअक्षराने ताडून पाहिल्यानंतरच अपोस्टिलसाठी कागद पाठवावेत.